एकशेतीस चौकोन

पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाच्या पायथ्याशी, औंढा नागनाथ तालुक्यातील त्याच नावाच्या गावी, आश्विनातल्या एका पहाटे मी जाऊन पोचलो तेव्हा दिवस उगवायला अजून पाऊण तास अवकाश होता. सहा किलोमीटरांहून अधिक लांबीचा तो मातीचा बांध अंधारात केवळ एका जाड काळ्या पट्ट्यासारखा दिसत होता, आणि गावाच्या अलीकडे, सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या एका तुकड्यावर, आठ-दहा मुले मोबाइलच्या उजेडात माती चाळीत उभी होती. चाळणी म्हणजे मोडक्या खाटेच्या चौकटीवर ठोकलेली लोखंडी जाळी. दोघांनी ती दोन्ही टोकांनी धरून हलवायची, तिसऱ्याने घमेल्याने माती टाकीत राहायचे, आणि जाळीवर उरलेले खडे, मुळ्या, काचेचे तुकडे चौथ्याने वेचून बांधाकडे फेकायचे, असा तो क्रम अखंड चालला होता. कोणी कोणाला सांगत नव्हते, कोणी थांबत नव्हते.

कबड्डीचे मैदान तयार करणे हे किती कष्टाचे काम आहे, याची कल्पना दूरचित्रवाणीवर निळ्या-केशरी मॅटवरचे सामने पाहणाऱ्या नागरी प्रेक्षकास सहसा नसते. हा सगळा मुलूख काळ्या मातीचा. ती पावसाळ्यात पायाला गोळ्यागोळ्यांनी चिकटते आणि उन्हाळ्यात तिला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात, म्हणून ती खेळायला कोणत्याच ऋतूत उपयोगी नाही. तेव्हा वरचा वीतभर थर खणून काढायचा, खाली मुरूम दाबायचा, ओढ्याच्या काठची पोयट्याची तांबूस माती बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने आणायची, ती चाळायची, तीत कुजलेले शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळायचा, दोन दिवस पाणी मारायचे, आणि मग रूळ फिरवायचा. एवढे केलेले मैदान आठ महिने टिकते. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की त्याचा चिखल होतो, आणि दसऱ्याच्या सुमारास ते पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. त्या पहाटे मी पाहिले ते हे दरसालचे पुनर्निर्माण.

उजाडल्यावर आखणी सुरू झाली. एका मुलाने पिशवीतून सुताची एक दोरी काढली. तिला ठिकठिकाणी गाठी होत्या, आणि गाठींना ओळखीसाठी निरनिराळ्या रंगांच्या साड्यांच्या चिंध्या बांधल्या होत्या. मध्यरेषेवर खिळा ठोकून दोरी ताणली, की लाल चिंधीपाशी पावणेचार मीटर भरतात, ती निदानरेषा. तेथून एक मीटर पुढे हिरवी चिंधी, ती बोनस रेषा. आणि शेवटच्या पिवळ्या चिंधीपाशी साडेसहा मीटर, ती अंतिम रेषा. दोन्ही बाजू मिळून लांबी तेरा मीटर, रुंदी दहा मीटर, आणि त्या रुंदीतच दोन्ही कडांना एकेक मीटरचे राखीव क्षेत्र. कुमार गटाच्या मुलांसाठी मैदानाचे हेच प्रमाण असते, आणि पुरुषांसाठीही हेच. ती दोरी त्यांच्या आधीच्या मुलांनी केलेली होती, त्यांच्याकडून ती यांच्याकडे आली, आणि गाठ सैल झाली की कोणीतरी ती पुन्हा मोजून आवळतो. चुन्याची फक्की मुठीने सोडीत जाणाऱ्या त्या मुलाचा हात एवढा स्थिर होता, की आखलेली रेषा पाहून ती यंत्राने काढली असावी असेच कोणाला वाटले असते.

ही सारी लगबग ज्यासाठी चालली होती, ती गोष्ट म्हणजे कुमार गटाची निवड चाचणी. ज्या वाचकांचा या खेळाशी निकटचा परिचय नाही, त्यांच्यासाठी तिची परंपरा थोडक्यात सांगणे अवश्य आहे. वीस वर्षांपर्यंतची मुले कुमार गटात आणि सोळापर्यंतची किशोर गटात मोडतात. दोन्ही गटांना वजनाचीही मर्यादा असते, आणि स्पर्धेच्या वेळी काट्यावर उभे राहून ती सिद्ध करावी लागते. प्रत्येक जिल्ह्याची कबड्डी संघटना प्रथम आपल्या जिल्ह्यातील खेळाडू पारखून संघ निवडते. हे जिल्ह्यांचे संघ महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशनच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धेत एकमेकांशी भिडतात. आणि त्या स्पर्धेतील कामगिरी पाहून महाराष्ट्राचा संघ राष्ट्रीय स्पर्धेसाठी ठरतो. जन्मतारखेचा दाखला, आधार, शाळेचे बोनाफाईड, छायाचित्रे, एवढी कागदपत्रे रुजू केल्याखेरीज कोणाचेही नाव यादीत चढत नाही. आणि दाखल्यावरील एका अक्षराच्या फरकापायी तालुक्याच्या कचेरीत दोन-दोन खेटे घालणारी मुले मला या गावातही भेटली.

राज्य स्पर्धेत मुलांना केवळ निवड समितीच पाहत नाही. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून या स्पर्धांच्या कडेला, खुर्च्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, वही किंवा भ्रमणध्वनी घेऊन बसलेली काही अबोल माणसे दिसू लागली. ती निरनिराळ्या संघांच्या वतीने नवे खेळाडू हेरायला आलेली असतात. लिलावातून घेतलेल्या नामांकित खेळाडूंबरोबरच नवोदित तरुणांना थेट करारबद्ध करण्याची मुभा लीगच्या नियमांनी संघांना दिली, तेव्हापासून कुमार गटाच्या स्पर्धांना वेगळेच महत्त्व आले. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार असाच नवोदित म्हणून पुणेरी पलटणमध्ये आला, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत त्या संघाने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवले तेव्हा तो त्या संघाचा कर्णधार होता. त्याच्या आधी, २०२३च्या ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात तो आणि नाशिकचा आकाश शिंदे दोघेही होते. कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला २०१८ साली यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतले, आणि एकाच हंगामानंतर तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. सिद्धेश्वरच्या मुलांना हे आकडे तोंडपाठ आहेत. मात्र ज्या आत्मीयतेने ती या खेळाडूंच्या चढायांचे वर्णन करतात, ती पाहता आकड्यांपेक्षा चढायाच त्यांना अधिक मोलाच्या वाटतात, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

या परीक्षेला वेळ किती मिळतो, याचा हिशेब मी तेथेच बसून केला, आणि तो मला अस्वस्थ करून गेला. एका चढाईची मुदत तीस सेकंद. वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांच्या सामन्यात एखाद्या प्रमुख चढाईपटूच्या वाट्याला पंधरा चढाया आल्या, असे धरले, तर पुऱ्या सामन्यात तो साडेसात मिनिटे प्रतिपक्षाच्या अंगणात असतो. कोपऱ्यात उभ्या असलेल्या बचावपटूची गत याहून कठीण, कारण त्याला स्वतःहून काहीच करता येत नाही. प्रतिस्पर्धी त्याच्या टप्प्यात येईल तेव्हाच त्याने झेपावायचे, आणि असे तीन-चार क्षण सबंध सामन्यात आले तर आले. त्यातला एक क्षण चुकला, की गडी बाद होऊन बाहेर बसतो, आणि आपला कोणी गुण मिळवून त्याला उठवीपर्यंत तेवढा काळ वाया जातो. चार वर्षांच्या पहाटा या काही मिनिटांत ओतायच्या असतात.

हा खेळ आपल्याकडे पूर्वी हुतूतू या नावाने ओळखला जाई, आणि आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या तोंडी अजून तेच नाव येते. त्याला नियमांची शिस्त लावण्याचे श्रेय बव्हंशी महाराष्ट्राकडे जाते. १९२३च्या सुमारास नियम ठरवून बडोद्यास स्पर्धा झाल्या, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक करून दाखवले, आणि पुढे शंकरराव तथा बुवा साळवी यांनी आपले आयुष्य वेचून तो आशिया खंडाच्या मैदानांवर नेला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला प्रथम पदकाचे स्थान मिळाले. बुवांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. हा सगळा इतिहास मातीवर घडला, हे मात्र येथे नमूद करून ठेवले पाहिजे, कारण पुढचे सारे कथन त्या मातीविषयीच आहे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला एक खेळ असा आहे, की त्याच्या तरुणांची परीक्षा आणि आपल्या या मुलांची परीक्षा यांत मला विलक्षण साम्य वाटते. तो म्हणजे बर्फावरची हॉकी. दर ऑगस्टात अठरा वर्षांखालील निवडक मुलांचे राष्ट्रीय संघ ह्लिन्का-ग्रेट्झ्की चषकासाठी एकत्र येतात. झेक प्रजासत्ताक आणि स्लोवाकिया ही त्या स्पर्धेची जुनी घरे, मध्यंतरी ती कॅनडातही भरली. अमेरिका आणि कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगचे पारखी तेथे झुंडीने येतात, आणि पुढल्या उन्हाळ्यात तरुण खेळाडूंची जी वार्षिक निवड होते, जिची प्रथा १९६३पासून चालत आली आहे, तिच्यात कोण वर जाणार आणि कोण खाली राहणार याचे पहिले अंदाज त्या पाच-सहा दिवसांत बांधले जातात. परंतु त्या मुलांना तयारीसाठी बारमाही कृत्रिम बर्फाचे आखाडे गावोगाव उपलब्ध असतात. ज्या पृष्ठभागावर त्यांची पारख व्हायची, त्यावरच ती चार-पाच वर्षांची असल्यापासून वाढलेली असतात. आपल्या देशात हा खेळ मुख्यत्वे लडाखचा. तेथली मुले हिवाळ्यात तळी गोठण्याची वाट पाहतात, दोन-अडीच महिने निसर्गाने दिलेल्या बर्फावर खेळतात, आणि बर्फ वितळला की चाकांच्या बुटांवर सराव करून पुढच्या हिवाळ्याकडे डोळे लावतात. २०११ साली देहरादूनला आंतरराष्ट्रीय मापाचे बंदिस्त बर्फाचे मैदान बांधले गेले, पण ते कित्येक वर्षे कुलुपात होते. लडाखच्या मुलांच्या अंगी काय कमी आहे, असा प्रश्न जेव्हा परक्या भूमीवरच्या पराभवानंतर विचारला जातो, तेव्हा उत्तर मुलांच्या अंगात शोधण्याऐवजी त्यांच्या पायांखाली शोधावे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

सिद्धेश्वरच्या मुलांचेही तेच. ती वाढतात मातीवर, आणि त्यांची पारख होते मॅटवर.

हा भेद वाचकांना वरवरचा वाटण्याचा संभव आहे, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो. मातीवर खेळाडू अनवाणी असतो. अंगठा आणि चवडा मातीत रुतवून तो उभा राहतो, आणि हूल देऊन परतताना पाऊल थोडे घसरत जाते. ते किती घसरेल याचा अंदाज त्याच्या शरीरात वर्षानुवर्षांच्या सवयीने मुरलेला असतो, आणि त्या घसरण्यावरच त्याची वळण्याची गती बेतलेली असते. मॅटवर बूट घालावे लागतात, आणि बुटाचा रबरी तळ मॅटला असा पकडतो की पाऊल टाकले तेथेच ते खिळते. कमरेवरचा देह जुन्या सवयीने वळून पुढे जातो, पाऊल मागे राहते, आणि दोहोंमध्ये जो पीळ बसतो तो सारा गुडघ्यावर येतो. पकडीचेही असेच आहे. मातीवर घोट्याला सूर मारताना छाती आणि कोपर मातीवर सरकतात, खरचटते ते थोडके; मॅटवर त्याच झेपेत कातडी भाजल्यासारखी निघते, आणि एकदा तशी निघाली की दुसऱ्या वेळी मनुष्य नकळत हात आखडता घेतो. याउलट मॅटवर जो पारंगत झाला, त्याची उडी उंच जाते, कारण त्याला पडण्याचे भय राहत नाही. त्याच्या पावलांना दर वेळी तीच एकसारखी जमीन मिळते. आणि लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईला, जेथे गुण घेतला नाही तर बाद व्हावे लागते, तेथे तो निर्धास्तपणे शरीर झोकू शकतो.

मी असताना एके दिवशी ही मुले एका दूरच्या गावी मॅटवर सराव करायला गेली. त्यांच्याबरोबर मीही गेलो. भाड्याच्या जीपमध्ये अकरा जण आणि बुटांचे सहा जोड. ज्यांचे बूट होते त्यांनी ते आधी घालून खेळावे, मग काढून दुसऱ्यास द्यावे, अशी वाटणी निघतानाच झाली होती, आणि ती कोणी मोडली नाही. संघातला सर्वांत चपळ चढाईपटू, ज्याला मी मातीवर चार-चार गड्यांच्या साखळीतून मनगट सोडवून घेताना पाहिले होते, तो दम लावीत मध्यरेषा ओलांडून गेला, निदानरेषेच्या पुढे डाव्या कोपऱ्याकडे हूल दिली, आणि उजवीकडे वळताच जागच्या जागी आपटला. कोणी त्याला शिवलेही नव्हते. तो उठला, पुन्हा गेला, पुन्हा तसेच झाले. तिसऱ्या खेपेला तो पडला नाही, परंतु पडू नये म्हणून त्याने वळण एवढे सावकाश घेतले, की मैदानावर माहेरी आलेल्या लेकीसारखा मोकळा वावरणारा तो मुलगा एकाएकी परघरचा पाहुणा झालेला दिसला. खेळ आटोपल्यावर तो बुटांच्या नाड्या सोडीत बराच वेळ खाली मान घालून बसला होता. परततानाच्या दीड तासात जीपमध्ये कोणी फारसे बोलले नाही.

त्याला शिकवणारे गृहस्थ गावच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांचे नाव छापू नये अशी त्यांची इच्छा, म्हणून देत नाही. त्यांनी मला त्या संध्याकाळी जे समजावून सांगितले त्याचा मथितार्थ एवढा, की मॅटवरचे पाऊल शिकायला हुशार मुलाला दोन-तीन महिन्यांहून अधिक लागत नाहीत. परंतु ते दोन-तीन महिने सलग मिळाले पाहिजेत, वर्षातून चार वेळा जीप करून जाण्याने ते साधत नाही. ही गोष्ट मला अत्यंत महत्त्वाची वाटली. येथे प्रतिभेचा तुटवडा नाही, कष्टाचा तर नाहीच नाही. उणीव आहे ती मोजता येण्यासारख्या, विकत मिळण्यासारख्या वस्तूची.

ही मुले कोणत्या घरांतून येतात, तेही सांगितले पाहिजे. येलदरीच्या जलाशयात पाणी साठवायचे, आणि तेथून नदीवाटे खाली आलेले पाणी सिद्धेश्वरच्या कालव्यांत सोडायचे, अशी पूर्णा प्रकल्पाची रचना आहे. १९६८च्या सुमारास ती पुरी झाली, आणि वसमतपासून परभणी-नांदेडपर्यंतच्या जमिनींना पाणी मिळू लागले. ज्यांची शेते त्या पाण्याखाली आली त्यांच्याकडे हळद आणि ऊस. हिंगोली आणि वसमतच्या हळदीच्या पेठा सर्वश्रुतच आहेत. ज्यांच्यापर्यंत पाणी पोचले नाही त्यांच्याकडे सोयाबीन, कापूस, तूर, आणि आभाळाकडे पाहणे. माझ्या या दहा-अकरा मुलांतली बहुतेक दुसऱ्या वर्गातली. निवड चाचणीच्या तयारीचे दिवस आणि सोयाबीनच्या सुगीचे दिवस एकच येतात. म्हणून पहाटे मैदान, दिवसभर सोंगणी नाहीतर मळणीयंत्रावर पोती धरणे, आणि दिवेलागणीनंतर पुन्हा मैदान, असा त्यांचा दिनक्रम असतो. दूध-अंड्यांची गोष्ट सोडा, भाकरी-पिठले आणि ठेचा हाच बहुतेकांचा आहार. आणि तरीही वजनाच्या मर्यादेपायी शेवटच्या आठवड्यात रात्रीची अर्धी भाकर ताटात परत ठेवणारा एक मुलगा मी पाहिला. त्याची आई काही बोलली नाही, तिने ती भाकर टोपलीत झाकून ठेवली, आणि चुलीपुढे बराच वेळ विस्तव सारखा करीत राहिली.

आईबापांचा विरोध असतो असे नाही. पण खेळून पुढे काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर त्यांना मिळालेच पाहिजे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांस सवलतीचे गुण मिळतात. खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर प्रशिक्षणाखेरीज दरमहा १० हजार रुपये हातखर्चाला मिळतात. पोलीस, रेल्वे, बँका यांच्या संघांत जागा मिळवून घर सावरलेल्या कबड्डीपटूंची उदाहरणे महाराष्ट्रात थोडीथोडकी नाहीत. परंतु या सर्व दारांची किल्ली एकच: राज्य स्पर्धेत आणि त्यापुढे निवड होणे. आणि ती निवड मॅटवर होते.

मुलींविषयी लिहिताना माझी लेखणी अधिक जड होते. सायंकाळच्या सत्रात पाच मुली येतात. त्या घरचे पाणी भरून, भाकरी थापून येतात, आणि अंधार पडण्यापूर्वी त्यांना परतावे लागते, म्हणून मुले आपला सराव थांबवून त्यांना मैदान देतात. महाराष्ट्राच्या मुलींनी या खेळात जे केले आहे ते कोणाही मराठी मनुष्याने अभिमानाने मिरवावे असे आहे. २०१२ साली पाटण्यास महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या तिघी आपल्या होत्या, आणि राज्य शासनाने प्रत्येकीस एक कोटी रुपये देऊन त्यांचा गौरव केला. हांगझोऊला ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चिनी तैपेईवर २६-२५ अशा एका गुणाच्या फरकाने मिळवलेले सुवर्णपदक हे त्या स्पर्धेतले भारताचे शंभरावे पदक ठरले, आणि त्या संघात सोनाली शिंगटे आणि स्नेहल शिंदे होत्या. मात्र मुलांपुढे जशी व्यावसायिक लीग आहे तशी मुलींपुढे नाही. २०१६ साली तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज झाली, ती एका हंगामापुरतीच राहिली. या पाच मुलींतली एक डाव्या कोपऱ्यात अशी उभी राहते, की चढाई करणारी तिच्या बाजूला जायला कचरते. तिच्या घरी तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आहेत, हे मला इतर मुलींकडून समजले. तिने स्वतः त्याविषयी एक अक्षरही काढले नाही. चाचणीचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत भरायचा, एवढेच तिने शिक्षकांना दोन वेळा विचारले.

मी निघालो त्या सकाळी मैदान पुरे झाले होते. रूळ फिरवून माती अशी बसली होती, की पावलाचा ठसा उमटे पण पाऊल रुते ना. मुलांनी मैदानाला नारळ फोडला, प्रत्येकाने आत येताना मातीला हात लावून कपाळाला लावला, आणि पहिली चढाई कोणी करायची यावर क्षणभर घोळ होऊन अखेर मॅटवर आपटलेल्या त्या मुलासच पुढे केले गेले. तो गेला, आणि या वेळी उजवीकडे वळताना त्याचे पाऊल मातीवरून सुमारे वीतभर घसरत गेले, तेथे नेमके थांबले, आणि कोपऱ्याच्या गड्याला पायाने शिवून तो परत आला तेव्हा त्याच्यामागे तेवढ्याच लांबीची ताजी रेघ उमटलेली होती.

ज्या मॅटवर त्याची परीक्षा होणार, तिचे तुकडे एकेक मीटर लांबी-रुंदीचे असतात. कडांना दाते असतात, ते एकमेकांत अडकवून मैदान जोडायचे आणि काम झाले की सोडवून रचून ठेवायचे. तेरा मीटर गुणिले दहा मीटर, म्हणजे एकशेतीस चौकोन. तालुका क्रीडा संकुलाची योजना राज्यात कैक वर्षांपासून अमलात आहे, आमदार-खासदारांचे निधी आहेत, साखर कारखाने आणि बाजार समित्या आहेत, पुण्या-मुंबईस स्थायिक झालेले मराठवाड्याचे सुपुत्र आहेत. यांपैकी कोणीही मनावर घेतले, तर औंढा तालुक्यात, शाळेच्या एखाद्या मोठ्या खोलीत किंवा मंगल कार्यालयाच्या ओसरीवर, हे एकशेतीस चौकोन बारा महिने अंथरलेले राहू शकतात, आणि पावसाळ्याचे चार महिनेही वाया जाणार नाहीत. हा लेख वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या हाती असा निधी, असा हुकूम किंवा असा शब्द असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की तो त्यांनी या हिवाळ्यातच खर्चावा. कारण त्या मुलाला वीस वर्षे पुरी व्हायला आता चौदा महिने उरले आहेत.